व्याह्यांचं रिव्हॉल्व्हर

तमाम नगरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भिंगारमध्ये बंदुका दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे आणि तो फटाक्यांना घाबरतो. दिवाळीत तो कानांत कापूस घालून माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन बसतो. ‘असं समजा’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही, आणि परवाना दोनदा वाचल्याशिवाय तो कुठल्याही हत्याराला हात लावत नाही.

यंदा दसऱ्यानंतर मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो, तेव्हा तिसगावचे एक बागायतदार आले. व्याह्यांकडून त्यांनी रीतसर परवान्यावर जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. त्याचं चक्र फिरता फिरता अडकत होतं.

“गोड बोलून खराब माल गळ्यात मारला,” ते म्हणाले. “पोरगी दिलीय म्हनून गप बसू व्हय?”

“असं समजा, आधी त्याचं ऐकू.”

आत गोळी नाही याची खात्री करून त्याने डोळे मिटले आणि चक्र हळूहळू फिरवत आवाज ऐकला. मग ते काढून, खाचेत घट्ट बसलेलं तांबडं काहीतरी काडीने कागदावर खरवडलं आणि हुंगलं.

“असं समजा, दसऱ्याला याची पूजा झाली.”

“व्हय. मीच केली. हळद, कुंकू, तेल, समदं.”

“असं समजा, जरा पोटभर झाली.”

बागायतदारांनी कागदावरचं कुंकू बोटाने चोळून पाहिलं. मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाले, “मंग सकाळी व्याह्यांना फोनवर चोर म्हनलो, ते आता कोन दुरुस्त करनार?”