संपतमामांची मोटार आणि न ठेवलेलं लिंबू

संपतमामा गेले.

आज दुपारी, सेनगाव तालुक्यातल्या आमच्या आजोळी, स्वतःच्या घरात. बातमी त्यांच्या नातवाने, अनिकेतने, फोनवर पक्की केली. सगळा जन्म बातम्या लिहिण्यात गेला, त्यामुळे रडण्याआधी मी त्याला विचारलं, "तू स्वतः जवळ होतास का?"

होता.

वडील लवकर गेल्यामुळे मी मामांच्याच घरी वाढले. सत्तरच्या दशकात माझं लग्न ठरलं, तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणी होता. सासर नरसीकडचं. लग्न तिकडेच होणार होतं.

आमच्या वस्तीतली नवरी सासरी निघाली की बैलगाडी ओढ्याकडच्या वाटेने जायची. चावडीवरून जायची नाही. असा नियम कुणी लिहिलेला नव्हता. पण सगळे पाळायचे.

मामांनी जाहीर केलं, "मायी भाची मोटारीत बसून जाईन. चावडीवरून. भर दुपारी."

यावर गावातलं कुणी नाही म्हटलं नाही.

कुणी हो पण म्हटलं नाही.

मोटार होती. म्हणजे गोठ्यात होती, कडब्याखाली.

मामा पूर्वी हिंगोलीला एका जिनिंगवाल्याचे ड्रायव्हर होते. मालक हैदराबादला गेले तेव्हा ही इंग्रजांच्या काळातली काळी मोटार "तूच सांभाळ" म्हणून देऊन गेले. मामांनी ती नीट झाकून ठेवली आणि शेतीला लागले. मधल्या कित्येक वर्षांत मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

लग्न ठरल्यावर मामा तिच्या मागे लागले.

टाकी काढली आणि तिच्यात खडे व थोडं रॉकेल घालून ती इतकी हलवली, की आतला गंज चहाच्या रंगाचा होऊन बाहेर आला. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. प्लग काढून त्या भोकांतून ऑइल सोडलं आणि इंजिन मोकळं होईपर्यंत रोज थोडं थोडं हँडल फिरवलं. टायर हिंगोलीच्या एका जीपवाल्याचे, जुने.

पेट्रोल हिंगोलीहून डब्यातून आणावं लागायचं. म्हणून इंजिन सुरू करून बघणं लग्नाच्या आदल्या दिवसावर ठेवलं.

त्या दिवशी अंगणात अख्खी वस्ती. माझे चुलत सासरे किसनतात्याही आलेले, कडक पांढरं धोतर नेसून.

मामांनी हँडल मारलं. गाडी चालू झाली, खोकली, बंद.

परत हँडल. परत खोकली. परत बंद.

किसनतात्या म्हणाले, "पाव्हणं, चाकाखाली लिंबू ठेवा."

धम्मदीक्षा घेतल्यापासून मामांच्या घरात लिंबू फक्त वरणात पडायचं. मामा म्हणाले, "तात्या, तुमीच असं म्हणून राहिले? आपण दीक्षा घेतली ना?"

"दीक्षा तुमी-आमी घेतली. गाडीनं थोडीच घेतली!"

सगळे हसले. आणि मग एकेक जण म्हणायला लागला, ठेवा की, एका लिंबानं काय होतंय. तात्यांनी तर कुणाकडून तरी लिंबू मागवलंसुद्धा.

मी दारात उभी. माझं लक्ष लिंबाकडे नव्हतं. गाडी उद्या चावडीसमोर अशीच खोकून बंद पडली तर काय, एवढंच डोक्यात होतं. ढकलत नेलेली नवरी गावाने जन्मभर लक्षात ठेवली असती.

"मामा, ठेवा ना," मी म्हटलं.

मामा माझ्याकडे वळले. आवाज शांत.

"आत्ता लिंबू ठेवलं अन् गाडी चालू झाली, तर या अंगणात जन्मभर लिंबूच मोठं राहीन. मंग मी महिनाभर काय केलं, बाई?"

ते गाडीमागे जाऊन उकिडवे बसले आणि हँडल दुसऱ्याला मारायला लावलं. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. इंजिन खोकलं. हाताला काहीच लागलं नाही.

"धूर कुठंय? धूर येऊनच नाही राहिला!"

स्वयंपाकघराच्या दारातून गंगूमामी ओरडल्या, "येईन कसा? तुमीच तर बोळा कोंबला व्हता, आत साप शिरू नये म्हणून! माझं हिरवं लुगडं फाडलं व्हतं त्याच्यासाठी. तुमी इसरले, मी न्हाई!"

मामा डोक्याला हात लावून जे हसले, ते मला आत्ताही ऐकू येतंय.

तारेची आकडी घालून त्यांनी बोळा ओढला. हिरव्या चिंध्या आणि उंदराचं घरटं बाहेर आलं. पुढच्या हँडलला असा बार झाला की कोंबड्या छपरावर गेल्या. राहिलेली काजळी थेट मागे उभ्या तात्यांच्या धोतरावर.

इंजिन चालूच राहिलं.

मामी म्हणाल्या, "द्या आता ते लिंबू तात्यायला. डाग निघतीन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही निघालो. चावडी आली आणि गाडीचा वेग एकदम कमी झाला. मी पुढे वाकून मामांच्या सीटची पाठ धरली.

मामांनी मान न वळवता सांगितलं, "घाबरू नको. मीच हळू केली. पाहू दे लोकायला."

चावडीवरच्या लोकांनी पाहिलं. एक म्हातारे उठून उभे राहिले. मान द्यायला की गाडी बघायला, ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर आमच्या वस्तीतल्या कितीतरी पोरी त्याच मोटारीतून, त्याच रस्त्याने सासरी गेल्या. ओढ्याकडच्या वाटेवर आता बाभळी आहेत.

मामांची नजर गेली तशी मोटार परत गोठ्यात गेली होती. आज संध्याकाळी अनिकेतचा पुन्हा फोन आला.

"आत्या, गाडी चालू झाली. आधी सायलेन्सरमध्ये हात घालून बघितला."

उद्या सकाळी वंदना होईल. मग अंत्ययात्रा निघेल. मोटार सगळ्यांच्या पुढे असेल, मामांचा फोटो घेऊन. रस्ता चावडीवरूनच.

तिथे ती हळू होईल. बंद पडली असं कुणी समजू नये.

मामा, शेवटचा जय भीम.