देगलूरच्या विहिरीवरची स्पोर्ट्स कार

विष्णुपुरीच्या कॉलेजात मी मेकॅनिकलला होते, तेव्हा दर शनिवारी दुपारी बस पकडून बिलोलीला घरी जायचे. खिडकीची जागा मिळाली की मी झाडं-शेतं बघत नसे, गाड्या बघत असे. समोरून येणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून ड्रायव्हरनं कितवा गिअर टाकलाय ते मी मोठ्यानं सांगायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या जरा सरकून बसायच्या आणि मला ऐसपैस जागा मिळायची.

एका शनिवारी बस नांदेडातल्याच देगलूर नाक्यावर गर्दीत अडकली. कडेच्या एका गॅरेजच्या आवारात, ट्रकच्या जुन्या केबिनींमागे, मला एक चाक दिसलं. मोटारीचंच, पण सायकलसारखं तारांचं. मधोमध एकच मोठा नट, दोन कान असलेला. असं चाक मी फक्त रद्दीतल्या एका विलायती मासिकात पाहिलं होतं. मी पिशवी उचलली आणि कंडक्टरला म्हणाले, "मला उतरायचंय."

"तिकीट बिलोलीचं हाय की."

"असू द्या."

गॅरेजचे मालक साठीतले, पांढऱ्या दाढीचे. सगळा नाका त्यांना चाचा म्हणायचा. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात त्यांचा हात धरणारा नांदेडात कुणी नव्हता.

"चाचा, ते मागं काय आहे?"

"भंगार हाय, बेटा."

"बघू का?"

"साप असंल."

"चालेल."

साप नव्हता. दोन माणसांपुरती, टप नसलेली, लांब नाकाची गाडी होती. दारं इतकी खाली कापलेली की बसलेल्या माणसाला हात खाली सोडून रस्ता शिवता आला असता. गाडीचं नाव मी इथं लिहीत नाही. अशा गाड्या आमच्या भागात इतक्या कमी की नाव लिहिलं तर ती कुणाच्या घरची ते लगेच ओळखू येईल. मी बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतं. त्या जागी एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं माझ्याकडं रागानं बघितलं, मी बॉनेट हळूच खाली ठेवलं आणि मला हसू आवरेना.

चाचांनी मग सगळं सांगितलं. देगलूरजवळच्या एका शेतकरी काकूंनी हा सांगाडा त्यांना दिला होता, कापून पत्रा काढून घ्या म्हणून. इंजिन मात्र काकूंनी ठेवून घेतलं.

"दोन वर्सं झाली," चाचा म्हणाले. "दोनदा छिन्नी घेऊन गेलो. हे वळण बघितलं अन् हात उठंना." त्यांनी मागच्या चाकावरच्या मडगार्डवरून तळवा फिरवला. "असं वळण मशीननं येत न्हाई. हातानं ठोकलंय कोणीतरी. माझ्यासारखाच मिस्त्री असंल, तिकडं विलायतेत."

बिलोलीची पुढची बस मला संध्याकाळी मिळाली. तोवर आमचं ठरलं होतं की ही गाडी उभी करायची. तिचं काय करायचं हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही देगलूरला काकूंकडं गेलो. शेताच्या बांधावरच मी थांबले. विहिरीवर काहीतरी चालू होतं, पण तो पंपाच्या इंजिनाचा फटफटाट नव्हता. चार सिलिंडर एका लयीत गुणगुणत होते. जवळ जाऊन बघितलं तर सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्टांत आवळलेलं आमच्या गाडीचं इंजिन पट्ट्यावर पंप फिरवत होतं आणि हळदीला पाणी चाललं होतं. ते सुरू व्हायचं पेट्रोलवर आणि चालायचं रॉकेलवर. जगात कुठंतरी त्याची भावंडं शर्यतीत पळत असतील, आणि हे इथं वाफ्यांना पाणी पाजत होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसून ते ऐकत राहिले.

काकू पन्नाशीच्या पुढच्या. नऊवारी, उन्हानं रापलेला चेहरा, एकट्यानं शेती करणाऱ्या.

"काकू, हे गाडीचं इंजिन आहे," मी म्हणाले.

"म्हाईत हाय मला. मीच बशिवलंय."

"आम्ही ती गाडी दुरुस्त करून राहिलो, ताई," चाचा म्हणाले. "इंजिन देता का? बदल्यात डिझेलचं चांगलं इंजिन बसवून देतो."

"हे काय बंद पडतंय व्हय? वीस वर्सं एका हँडलात चालू होतंय."

"पण गाडीला..."

"मिस्त्री, जेवून जावा. इंजिन न्हाई भेटायचं."

अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन आम्ही हात हलवत परत आलो. निघताना मी मागं वळून पाहिलं. काकू इंजिन बंद करून पदराच्या टोकानं त्याच्यावरची धूळ पुसत होत्या. पंप पुसताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं.

इंजिन नाही तर नाही, आम्ही बाकीची गाडी करायला घेतली. आधी कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबलो. नंतर चाचा पत्रा ठोकायचे आणि मी शनिवार-रविवार तारा सोडवून, घासून, परत चाकात ओवायचे. एका चाकाला तीन रविवार लागायचे. घरी मी जादा प्रॅक्टिकल आहेत असं सांगत होते, आणि ते फार खोटंही नव्हतं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. किल्लारीकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चाचांनी गॅरेजला कुलूप लावलं, हत्यारं पोत्यात भरली आणि तिकडं निघून गेले. आमच्या कॉलेजची एक तुकडी गेली, तिच्यात मीही होते. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही, या गोष्टीत ते बसणार नाहीत. चाचांचं एकच सांगते. पत्र्याचे निवारे उभे करताना ते प्रत्येक पत्र्याची कड आत दुमडून घ्यायचे, कुणाचा हात कापू नये म्हणून. देखरेखीवरचा माणूस म्हणाला, यात वेळ जातोय. चाचा मान वर न करता म्हणाले, "लोकायला अजून लागायचं राहिलंय का, साहेब?" त्यानंतर त्या माणसानं कुणालाही घाई केली नाही.

चार महिन्यांनी चाचा नांदेडला परतले, तेव्हा गॅरेजच्या दाराच्या फटीत एक पोस्टकार्ड अडकलेलं होतं. अक्षर मोठं आणि ठसठशीत. विहिरीचा काठ त्या पहाटे ढासळला, ओटा कलंडला आहे, इंजिन पाण्यात पडायच्या आधी येऊन घेऊन जावं, येताना डिझेलचं आणावं. खाली काकूंची सही.

आम्ही दुसऱ्याच दिवशी डिझेलचं इंजिन नेऊन बसवलं आणि गाडीचं घेऊन आलो.

यानंतर जे झालं त्याला जाणकार लोक पाप म्हणतील. गाडीचा मूळ कार्बोरेटर कधीच गेला होता, तिथं आम्ही पद्मिनी गाडीचा बसवला. विहिरीवर इंजिन थेट पाण्यानं थंड होत होतं, त्यामुळं रेडिएटरचा पत्ताच नव्हता. जुन्या जीपचा रेडिएटर कापून आत घुसवला. पुढचे दिवे बुलेटचे. सीट शिवल्या टांग्याची गादी शिवणाऱ्या कारागिरानं, आणि सवयीनं त्यानं कडेला लाल झालरही लावली. चाचा झालर काढायला निघाले, मी काढू दिली नाही. रंग गर्द हिरवा. तो चाचांनी स्वतः मिसळला आणि वाळल्यावर दोन दिवस कुणाला गाडीजवळ फिरकू दिलं नाही.

इंजिन पहिल्याच हँडलात सुरू झालं. ते वीस वर्षं एकाच वेगात चाललेलं होतं, वेग कमी-जास्त करायचा असतो हे जणू विसरलं होतं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर शांतता, मग अचानक अंगात आल्यासारखी उसळी. गॅरेजच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा चाचांनी एका हातानं दार आणि दुसऱ्या हातानं टोपी धरली होती.

गोदावरीच्या पुलावर मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. समोरची काच आडवी पाडलेली, तोंडावर वारा, खाली नदी, आणि आम्ही रस्त्याच्या इतके जवळ की शेजारच्या सायकलवाल्याचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर. मी हसत होते. हसू थांबवता येत नव्हतं आणि थांबवायचंही नव्हतं. समोरून येणाऱ्या ट्रकच्या सरदारजींनी ट्रक कडेला घेतला आणि हात जोडले. आम्हाला की गाडीला ते कळलं नाही. चाचांनी उलटून सलाम केला.

"बेटा," थोड्या वेळानं चाचा म्हणाले, "ब्रेक बघितले का आपण?"

बघितले होते. त्यांना आठवत नव्हतं, कारण ते तेव्हा रंगाकडं बघत बसले होते.

पुढच्या आठवड्यात गाडी दाखवायला देगलूरला गेलो. काकू अंगणात उभ्या होत्या. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, बुलेटच्या दिव्यांवर बोट वाजवलं, झालर बघितली. मग मला म्हणाल्या, "तिकडल्या बाजूला सरक."

मी सरकले. काकूंनी पदर खोचला, काष्टा सावरला, स्टिअरिंगवर बसल्या, आणि चाचा "ताई, जरा ऐका" म्हणेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर होतो.

काकूंसारखी गाडी मी आजवर कुणाला चालवताना पाहिलं नाही. वळणाच्या आधी त्या गिअर खाली आणत आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबत. मी हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. हणेगावच्या रस्त्यावर रस्त्याकडेच्या शेळ्या, शेळ्यांमागची माणसं आणि दोन बैलगाड्या आमच्याकडं बघत राहिल्या. एक म्हातारा तेलुगूत काहीतरी ओरडला, काकूंनी त्याला न थांबता तेलुगूतच उत्तर दिलं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हन्ला, पुन्हा सुरू केलं का हिनं." काकू पहिल्यांदा हसल्या. "लगीन झाल्यावर यांनीच शिकिवलं मला. सासूबाई कीर्तनाला गेल्या की आम्ही दोघं ह्या रस्त्याला. गावाला वाटायचं, हे चालवतेत. त्यांचा फेटा माझ्या डोस्क्यावर असायचा."

मी विचारावं की नाही अशा विचारात होते. शेवटी विचारलं, "मग इंजिन विहिरीवर का बसवलंत?"

"हे गेले. मला एकटीला कोन चालवू देतंय तवा? उभी गाडी गंजती, पोरी. चालतं इंजिन गंजत न्हाई. म्हनून कामाला लावलं." त्यांनी समोरच्या बैलगाडीला हॉर्न दिला. "सांगाडा बघवंना, म्हनून देऊन टाकला. मिस्त्री कापतील वाटलं हुतं."

परत आलो तेव्हा चाचा ओट्यावर चहा पीत बसले होते. काकूंनी कपाटातून गाडीचे कागद आणून त्यांच्यापुढं ठेवले. चाचांनी ते माझ्याकडं सरकवले. "हिला द्या, ताई. माझे गुडघे त्या गाडीत वाकत न्हाईत." त्यानंतर काही वर्षं मी महिन्यातून एकदा देगलूरला जायचे आणि गाडीत कोणी कुठं बसायचं यावर आमचा वाद कधी झाला नाही. चाचा सोबत आले की ओट्यावर चहा पीत बसायचे आणि आम्ही परतल्यावर न विचारता बॉनेट उघडून बघायचे.

शिकून झाल्यावर मला नोकरी मिळाली ती लातूरला, एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. ते दिवस लातूरच्या भरभराटीचे. गल्लोगल्ली होस्टेल निघत होती, मेसच्या डब्यांच्या रांगा लागत होत्या, आणि मुलांचा दिवस घंटेच्या तालावर कापलेला असायचा. मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला आणली. ती उभी केल्यापासून अर्ध्या तासात क्लाससमोरचा रस्ता बंद झाला.

आमच्या क्लासचे मुख्य सर काटेकोर होते. ते मुलांच्या जेवणालाही मिनिटं मोजून द्यायचे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, ही गाडी मुलांचं लक्ष विचलित करते."

"सर, मी हिच्यावर गुरुत्वमध्य शिकवते."

हे खरंच होतं. वळणावर ही गाडी का उलटत नाही आणि शेजारची जीप का उलटेल, हे एकदा गाडीशेजारी उभं राहून बघितलं की मुलांना पुस्तक लागत नसे. रविवारी सकाळच्या परीक्षेनंतर मी रोल नंबरप्रमाणे एकेकाला रिंग रोडपर्यंत फिरवून आणायचे. घरची आठवण काढून रडणारी उदगीरची एक मुलगी पूर्ण फेरीभर गिअरच्या दांड्याकडं बघत बसली आणि उतरताना म्हणाली, "मॅडम, क्लच प्लेट कुठं असते?" त्या दिवशी मी दुपारचं जेवले नाही, तिला सगळा गिअरबॉक्स समजावत राहिले. हळूहळू परीक्षा संपायच्या आधीच मुलं पेपर देऊन बाहेर येऊ लागली, मार्क घसरले, आणि सरांनी मला पुन्हा बोलावलं.

मी नोकरी गेली असं धरूनच ऑफिसात शिरले. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"ती किती पळते?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना औशाच्या रस्त्याला घेऊन गेले. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी झालर घट्ट धरली होती. येताना सोडली होती. वाऱ्यानं त्यांचे तेल लावून चापून बसवलेले केस सरळ उभे राहिले होते आणि क्लाससमोर उतरल्यावरही ते तसेच राहिले. मुलं बघत होती. सर आत गेले.

सोमवारी फळ्यावर नवीन वेळापत्रक लागलं. रविवारची परीक्षा दुपारी, सकाळ मोकळी.