खजुरीची पात

काल नातीने गवताची पात दोन अंगठ्यांत धरून फुंकली आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या बहारीनला पोचलो. तिथल्या झल्लाक गावात मी ज्याच्याकडे कामाला होतो, त्या मालकाच्या मळ्यातल्या कोंबड्या कोल्हा न्यायचा. माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. तो खूश झाला तर सुट्टी देईल, म्हणून रत्नागिरीला शिकलेली कोल्हा बोलावायची विद्या दाखवायला मी त्याच्याशेजारी तापल्या वाळूत पालथा पडलो आणि खजुरीची कोवळी पात फुंकली. पातीतून निघालेली जखमी सशासारखी किंचाळी ऐकून कोल्हा कान टवकारत समोर आला. मालकाने बंदुकीचा बार काढून त्याला पाडलं.

"आता पासपोर्ट द्या. बहिणीचं लग्न आहे," मी म्हटलं.

"लीव्ह मफी, सुट्टी नाही," तो हसत म्हणाला. "तू गेलास तर बाकीचे कोल्हे कोण बोलावणार?"

लग्न माझ्याशिवाय झालं.

"आजोबा, तुम्ही वाजवा ना!" नात म्हणाली.

"मला नाही येत गं," मी म्हटलं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.