तिची डिस्क, आमचा कॉम्प्युटर

बायको गेली त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसचा माणूस पालघरला आमच्या घरी आला आणि लॅपटॉप घेऊन गेला. लॅपटॉप त्यांचाच होता, मला काही म्हणता येईना. मागे उरली ती तिची स्वतःची डिस्क. रविवारी चिंचणीला माहेरी गेली की वाडीत बसून ती आईशी गप्पा मारायची आणि ते बोलणं रेकॉर्ड करून या डिस्कवर ठेवायची. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, यंदा लोणचं का बिघडलं, असलंच काहीतरी. मधेमधे तिचं हसणं.

बाराव्याला सासूबाई म्हणाल्या, "तिचा आवाज लावा जरा. मला ऐकायचा हाय."

मी डिस्क आमच्या कॉम्प्युटरला जोडली. ती वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं पडद्यावर आलं. तिचा लॅपटॉप वेगळ्या सिस्टिमचा होता. त्यानं आपल्या पद्धतीनं लिहिलेलं आमच्या विंडोजला वाचता येत नव्हतं, इतकंच. मी नकार दाबला आणि तसला लॅपटॉप कुणाकडे आहे का ते विचारायला फोन घेऊन अंगणात गेलो.

माझे साडू तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तिथे बाहेरून आलेला पेनड्राइव्ह व्हायरसच्या धास्तीनं आधी फॉरमॅट करतात, मगच वापरतात. मी परत आलो तेव्हा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर तेच बसले होते.

"भावोजी, उघडली. तुमी उगाच घाबरलात."

"आतलं कुठंय?"

"आत काय नव्हतंच. रिकामी होती. मग म्हटलं, दहाव्याचे फोटो नि व्हिडिओ टाकून ठेवू. तुम्हालाच होतील."

पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. मी वायर उपसली.

पालघरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दुकानदारानं डिस्क चार दिवस ठेवून घेतली. नुसती फॉरमॅट झाली असती तर बरंचसं निघालं असतं, म्हणाला, पण वरून दुसरं भरलंय. हाती आले ते तुकडे. कावळे, पंपाची घरघर, सासूबाईंचं अर्धं वाक्य. एकाही तुकड्यात ती नव्हती. तसली डिस्क वाचून दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम विंडोजवरही चालतो, हे मी नंतर वाचलं.

तोवर साडूंनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की डिस्क आधीपासूनच खराब होती. मी चिंचणीला गेलो.

"आई, ती खराब नव्हती. तिनं कुठली वस्तू कधी खराब ठेवली नाही."

"मला ठाव हाय," सासूबाई म्हणाल्या. "मी तिथंच बसलेली. तुमी नको म्हणून गेलात नि त्यांनी दाबलं, ते बघितलं मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आता एकच लेक हाय मला. तिच्या नवऱ्याला कोण बोललं, तर ती यायची नाय. तुमी पण बोलू नका."

मी बोललो नाही. वर्षश्राद्धाला पंगतीत कुणीतरी त्या डिस्कचा विषय काढला. साडू भात कालवत म्हणाले, "अहो, काय सांगू, तिनं कधी नीट सांभाळलीच नव्हती."

वाढता वाढता सासूबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "हो, लहानपणापासून तशीच."