भैरवीचं चित्रण

आमच्या मराठी मंडळात सत्कार भैरवीच्या आधी उरकतात. नंतर ठेवले तर टाळ्या वाजवायला कुणी उरत नाही, सगळे पंगतीला पळतात. गेल्या गणपतीत जे. पी. नगरच्या हॉलमध्ये बायकोचं गाणं झालं, तेव्हाही तसंच केलं. दीड तास गायल्यावर तिला शाल-श्रीफळ दिलं, मग ती भैरवीला बसली.

दोन महिन्यांनी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाजही गेला. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. डॉक्टर सहा महिने थांबा म्हणाले होते, ते कधीच उलटले. तिने माझ्याकडे एकच मागितलं, "माझी भैरवी तेवढी नीट जोडून दे."

मी इंजिनियर, म्हणजे मला सगळं येतं असा घरात समज आहे आणि तो मीच पसरवलाय. तीन कॅमेऱ्यांचं चित्रण होतं. भाड्याच्या कॅमेरामनचं फोर-के, झकास, आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला. चिटणिसांच्या जुन्या हँडीकॅमचं चित्र चौकोनी आणि पिवळट. तिसरा मेहुणीचा मोबाइल, तोही उभा धरलेला. तिन्ही एकाखाली एक लावले की पाच मिनिटं बरी जात, मग मोबाइल मागे पडे. थाप ऐकू येऊन गेल्यावर तबल्यावर हात पडताना दिसे. कापण्या-खेचण्यात तीन रविवार गेले. सुरुवातीपासून जोडत आलो, शेवट आधी तपासावा एवढी अक्कल सुचली नाही. भैरवी पहिल्या कॅमेऱ्यात नव्हतीच.

कॅमेरामनला फोन लावला. "शाल हाकिद्रु सार, मुगीतु अन्कोंडे," तो कन्नडमध्ये म्हणाला. शाल घातली म्हणजे संपलं, असं त्याला वाटलं. त्याच्यावर काय चिडणार? बाकी सगळीकडे तसंच असतं. हँडीकॅमची टेप त्याआधीच संपली होती. राहिली मेहुणी. तिने व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ उडवून टाकला होता. "पाठवला की भावजी, मग कशाला ठेवू?" व्हॉट्सॲपने दर्जा उतरवलेल्या त्या चित्रात बायकोचा चेहरा म्हणजे नुसता डाग होता.

आवाज तरी मिळेल म्हणून हेडफोन लावले. तिने षड्ज लावला आणि त्यावर अगदी जवळून एक पुरुषी आवाज आला, "आता ही ताणणार. मसालेभात गार होणार आपला." मेहुणी खिदळली. तो मी होतो, मेहुणीच्या शेजारी बसलेला. पुढे मी गप्प बसलोच नाही. गाडी कुठे लावलीय, ट्रॅफिक किती असेल, येलहंक्याला घरी पोचायला तिला किती वाजतील.

माझं बोलणं पुसायचा दोन दिवस प्रयत्न केला. ते काढलं की तिचं गाणंही जायचं. मला माझीच किळस आली. भैरवी कुणी घेतलीच नाही असं तिला खोटं सांगावं, इथपर्यंत मी आलो होतो.

रविवारी सकाळी ती मागे येऊन उभी राहिली आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. मी ते काढून दिले आणि भैरवी सुरुवातीपासून लावली. डोळे मिटून तिने शेवटपर्यंत ऐकलं. बोटं मांडीवर ताल धरत होती. मग हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले.

"जरा लांबलीच होती, नाही का रे?" ती कुजबुजली.