जावयाच्या लेन्सला धरलेली वाफ

आमचे जावई अकोल्याचे, जठारपेठेतले. फोटोंचा नाद त्यांनाही आणि मलाही, त्यामुळे मुलीपेक्षा माझंच त्यांच्याशी जास्त जमतं. पोळ्याला आले तेव्हा आपली हातभर लांब झूम लेन्स माझ्या हाती देऊन म्हणाले, "आई, चिखलदऱ्याले बिनधास्त न्या. वेदर सील हाय, इले पाण्याचं काई होत नाई." रविवारी परत न्यायला येणार होते. जावयाची वस्तू जावयाइतकीच जपावी लागते. तिला काही झालं असतं तर मुलीच्या सासरी माझं नाक कापलं गेलं असतं.

चिखलदऱ्यात धुकं एवढं की हातातला चहा दिसेना. एका फांदीवर सर्पगरुड भिजून बसला होता. धुकं सरलं की मी झूम पुढे करायची, दाटलं की मागे. तासभर माझा हाच उद्योग. झूमची नळी पुढे सरकताना सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते, हे मला कोण सांगणार? राजापेठेतल्या आमच्या घरी येऊन बघते तर काचेला आतून वाफ धरलेली. बाहेरून पुसून पुसून हात दुखला. बाहेरचं पाणी अडवणारं रबर आतल्या वाफेलाही अडवतं, हे तेव्हा कळलं.

मी म्हटलं, धान्यात पुरून ठेवू, ओल शोषून घेईल. गव्हाला एरंडेल चोळलेलं, तो बाद. उरली तुरीची डाळ. लेन्स फडक्यात गुंडाळून डब्यात दाबत होते, तेवढ्यात आमचे हे डोकावले.

"काहून वं? आता इले वरणात शिजवतं का?"

"सर्दी झाली तिले," मी म्हणाले.

डाळीनं काही केलं नाही. शनिवारी मात्र कडक ऊन पडलं. वऱ्हाडच्या उन्हात हळद वाळते, मिरची वाळते, गाद्या वाळतात, मग लेन्स कोण लागून गेली? गच्चीवर बाजेवर ह्यांचा खांद्यावरचा दुपट्टा अंथरला, लेन्सची दोन्ही झाकणं काढली आणि तिला उशीला टेकवून सूर्याकडे तोंड करून निजवलं. खाली येऊन चहा टाकते न टाकते तोच वरून आरोळी आली, "अवं, माहा दुपट्टा जळून राहिला!"

दुपट्ट्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. लेन्स शाबूत होती. वाफही शाबूत होती.

रविवारी जावई आले. रात्रभर मी कबुलीचं भाषण पाठ केलं होतं, पण ते तोंडातून निघेचना. त्यांनी लेन्स उचलली, खिडकीकडे धरली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आई, माफ करा," ते म्हणाले. "चूक माही हाय. तापू नये म्हणून उन्हाळाभर म्या इले पाण्याच्या कूलरच्या तोंडापुढंच ठेवली होती. ओल तवाच आत गेली असंन. अन् तशीच तुमाले देल्ली."

मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटायलाही जरा उशीर झाला. आमचे हे काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"असू द्या, जावईबापू," मी म्हणाले. "होते एखादवेळी चूक माणसाच्या हातून. पुढच्या वेळी देताना तेवढं पाहून देत जा."