शेवटच्या घराचा अंगठा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतो आहे — तुम्हालाच का, ते माझे मलाही कळत नाही.

माझे काम आकडे जुळवण्याचे. हवामान बिघडले, उन्हाळे जीवघेणे झाले, म्हणून श्रीमंत देश आपल्यासारख्यांना निधी देतात. त्यातून बीरगाव या कारखान्यांच्या गावातल्या एका वस्तीत दोनशे बारा छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा होता. ते काम आमच्या छोट्या संस्थेकडे होते. रंग मिळाल्याबद्दल प्रत्येक घरमालकाचा अंगठा यादीवर लागल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नव्हता. अंगठे झाले होते दोनशे अकरा. दुसऱ्या दिवशी निधी देणारे विदेशी पाहुणे पाहणीला यायचे होते.

उरला सुखदेव. मूळचा गोंदियाकडचा, कारखान्यात तापलेल्या सळ्या सांडशीने ओढणारा. त्याच्या घराचे सिमेंटचे पत्रे इतके तडकलेले की रंगारी वर चढलाच नव्हता.

"माह्या छपराले रंग कुठी लागला, साहेब?" तो म्हणाला. "कागदच रंगवून राहिले का तुम्ही?"

दारात जमलेल्या बायका हसल्या. मला राग कशाचा आला — त्या हसण्याचा? की तो खरे बोलत होता, त्याचा?

मी त्याच्या कानशिलात मारली. तो मूठ आवळून खाली बसला. पुरुषाचा डावा अंगठा लागतो. मी त्याच्या मनगटावर गुडघा रोवला. मूठ उघडेना — म्हणून अंगठा धरून मागे वाकवला. कट्कन आवाज झाला. तो गुरासारखा ओरडला. त्याची बायको माझे केस ओढत होती. तिला मी कोपराने ढकलले, तर ती पेटत्या चुलीवर पडली.

मग तरी थांबलो का? नाही. तो लोंबता अंगठा मी शाईत बुडवला, यादीवर दाबला. ठसा फिकट उठला — म्हणून पुन्हा दाबला. ठसा स्पष्ट हवा, हा माझाच नियम.

बायका पाहत होत्या. कोणी मध्ये पडले नाही. पुढच्या हप्त्यात त्यांच्या घरी पाणी यायचे होते.

वाकड्या अंगठ्याने सांडशी धरवत नाही. महिन्याभरात कारखान्याने त्याला काढले. भर उन्हाळ्यात तो त्याच पत्र्यांखाली बसून राहिला.

हप्ता आला. अहवालात अपघाताच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिले — रंगकामाच्या वेळी शिडीवरून पडून लाभार्थीस इजा.

सुखदेव शिडीवर चढलाच नव्हता. अंगठा मी मोडला.